हापसा आणि बटण

चेसापीक उपसागरात जुन्या शिडाच्या बोटी घेऊन हिंडणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत पाहुणा बोटीवर आला, की चहाच्या आधी त्याला संडास दाखवायची पद्धत होती. लाइफ जॅकेट नंतर. बोट सत्तरच्या दशकातली, फायबरग्लासची. कपाटाएवढ्या खोलीत एक बुटकं चिनी मातीचं भांडं आणि त्याला जोडलेला हातपंप, म्हणजे आमचा हापसा. पुण्याहून आलेल्या मावशी दारात उभ्या राहून धडा ऐकायच्या: आधी खालचा सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारी झडप, उघडा, खटका ‘ओल्या’कडे करा, हापसा, समुद्राचं पाणी भांड्यात येईल. मग खटका ‘कोरड्या’कडे, पुन्हा हापसा, पाइप मोकळा होईस्तोवर. शेवटी सीकॉक बंद. आणि आधी पोटातून गेलेलं नाही ते भांड्यात टाकायचं नाही. ‘‘अहो, मग मी किनाऱ्याला लागेपर्यंत थांबते,’’ असं निम्म्या मावश्या म्हणत.

आता बटण आहे. ते दाबलं की टाकीतलं गोडं पाणी येतं, खाली मोटर घरघरते, आणि पाहुणे काही न शिकता बाहेर येतात. वासही नाही. तो वास पुष्कळदा आपला नव्हताच. आत येणाऱ्या पाइपात समुद्राचं पाणी आठवडाभर साचून राही आणि त्यातले सूक्ष्मजीव मरून कुजत. संशय मात्र यजमानावर.

धडा कंटाळवाणा होता, पण उगाच नव्हता. भांड्याची कड पाण्याच्या पातळीच्या आसपास, बोट कलली की तिच्याही खाली. सीकॉक उघडा राहिला, तर आत येणारा समुद्र आपण होऊन थांबत नाही. 1945च्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ यू-1206 ही जर्मन पाणबुडी बुडाली, तिच्या दुर्दैवाची सुरुवात संडासापासूनच झाली होती. ही गोष्ट आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगायचो. त्यानंतर मावश्यांचा किनाऱ्यापर्यंत थांबण्याचा निश्चय अधिकच पक्का होई.

आणि हापशानं ढकललेलं सगळं जायचं कुठे? जुन्या काळी थेट उपसागरात. अमेरिकेचा स्वच्छ पाण्याचा कायदा 1972चा. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत मैला तसाच सोडायला बंदी आली, बोटींत साठवणीच्या टाक्या बसल्या. तरी टाकी आणि समुद्र यांच्या मधल्या वाय-व्हॉल्व्हची मूठ कुठल्या बाजूला आहे, हे बरीच वर्षं कोणी कोणाला विचारत नसे. त्याच पाण्यातले निळे खेकडे आम्ही मिटक्या मारत खात होतो. तेव्हा जुनं ते सोनं वगैरे इथे तरी बोलू नये.

पण भांडं बदलायचा दिवस! मूत्र आणि खारं पाणी मिळून पाइपात चुनखडीचा थर धरायचा, दीड इंची पाइपातून शेवटी हाताचं बोट जाईना. गंजलेले बोल्ट सुटायचे नाहीत, ते कापायचे. नव्या भांड्याची भोकं जुन्या भोकांवर कधीच बसली नाहीत. म्हणून जुनी इपॉक्सीनं बुजवायची, नाहीतर फायबरग्लासखालच्या प्लायवूडमध्ये पाणी शिरून तो कुजणार. मग नवी भोकं, सीलंट, खालून रुंद वॉशर. बोट कललेली असताना माणसाचं सगळं वजन त्या चार बोल्टांवर आडवं येतं. वर एकानं बोल्ट धरायचा, दुसऱ्यानं शेजारच्या कपाटात डोकं घालून आडवं पडून नटाला पाना लावायचा.

‘‘फिरतोय का?’’
‘‘काय, नट की डोकं?’’

त्या अवस्थेत एकमेकांचे चेहरे दिसत नसत. म्हणून असेल, पण गेलेली नोकरी, गावाकडे अंथरुणाला खिळलेली आई, मुलाशी तुटलेलं बोलणं, हे सगळं आम्ही मित्रांना त्या कपाटात सांगितलेलं आहे. तेच मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाची वाटी हातात घेऊन कोणाला सांगितलं नसतं.

आज बोटयार्डाचा मेकॅनिक येतो, सोबत आलेला कागदी साचा पसरून भोकं पाडतो, दुपारपर्यंत बिल पाठवतो. काम आमच्यापेक्षा सरस, मान्य आहे. आमच्या जोडण्यांतून थेंब-थेंब गळायचं आणि त्याखाली लावलेल्या वाडग्याला आम्ही ‘तात्पुरता’ म्हणायचो. मुलांची पिढी त्याहून पुढे. त्यांना कंपोस्टचं भांडं हवं: पाणी नाही, पाइप नाही, या कामासाठी बोटीच्या तळाला भोकंच नाहीत. त्यांचं बरोबर आहे, याचाच जरा राग येतो.

एक गोष्ट मात्र कायद्यानंच नव्यानं दिली. रविवारी संध्याकाळी टाकी उपसून देणाऱ्या धक्क्यावर बोटींची रांग लागते, चाळीतल्या सकाळच्या रांगेसारखी. पाचेक डॉलरचं काम, नंबर यायला अर्धा तास. शिडं गुंडाळलेली, बटणवाले आणि हापसेवाले शेजारीशेजारी. पुढच्या बोटीवरचा ओरडून विचारतो, वाऱ्याचं काय म्हणता, आणि मागच्या बोटीवरून कोणीतरी चिवड्याचा डबा पुढे करतं.