आधी भिंत वाजवा

मागच्या उन्हाळ्यात लोहारा तालुक्यातल्या एका माळवदाच्या घरी कामाला गेलो होतो. मावशींनी चहाच्या आधी काम सांगितलं, "दादा, टीव्ही भिंतीवर घ्यायचाय. चार भोकं पाडा, बस." नातवानं पुण्याहून बॅटरीचं नवंकोरं ड्रिल आणलं होतं, तेच वापरा म्हणून त्याचा हट्ट. मी मशीन खाली ठेवलं आणि बोटाच्या पेरानं भिंत वाजवत निघालो. एका जागी टणक, हातभर पुढं बद्द. पोरगं हसायला लागलं.

आमच्या भागातली जुनी भिंत म्हणजे काळ्या दगडाचे दोन थर, मधे माती आणि चिपा. जाडी बघून गढी वाटते, पण दोन्ही थरांत आरपार जाणारे बंधाचे दगड नसतील तर त्या पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन भिंतीच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात हे थर एकमेकांपासून सुटले, माळवदाच्या मातीचं ओझं वरून आलं. कितीतरी घरांत लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या राहिल्या आणि दगडांनी माणसं गाडली. मी तेव्हा सातवीत होतो. सुतारकीत आल्यावर कळलं, की त्या घरांत भरवसा लाकडावर ठेवायचा असतो.

अशा भिंतीत ड्रिलचा हॅमर चालू केला, की बिट दगडाच्या कडेवरून घसरतं, नाहीतर दगडच हलतो आणि भोकातून माती गळत राहते. त्यात गिट्टी बसवली तर ती मातीत बसते. टीव्ही मग आज पडतो की पोळ्याला, एवढाच प्रश्न. जुन्या माणसांनी बांधतानाच कोनाडे ठेवले, खुंट्या रोवल्या. भिंतीला नंतर भोक पाडायची वेळच येऊ दिली नाही.

माझ्या आजोबांकडं सामता होता. कमानीची दोरी मागं-पुढं ओढायची, टोक फिरायचं. एका भोकाला घाम निघायचा, म्हणून भोक कुठं पाडायचं याचा विचार आधी पुरा व्हायचा. आता बोट दाबलं की झालं. पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेल्या ड्रिलचं पेटंट ब्लॅक अँड डेकर कंपनीला 1917 मध्ये मिळालं. त्यांनीच 1961 मध्ये बॅटरीवरचं ड्रिल बाजारात आणलं. 1971 मध्ये अपोलो 15 च्या अंतराळवीरांनी बॅटरीचं ड्रिल चंद्रावर चालवलं. तिथंही दांडा जमिनीत अडकला आणि दोघांनी जोर लावून उपसला! आपलं बिट अडकलं तर असा जोर लावू नये. उलट्या दिशेचं बटण त्याच्यासाठीच दिलंय.

तर मावशींचा टीव्ही मी खांबावर घ्यायचं ठरवलं. खांबाला आडवी फळी, फळीला टीव्हीची चौकट. जुनं बाभळीचं लाकूड लोखंडासारखं असतं. हॅमर बंद, गिअर पहिला. त्यात फेरे मिनिटाला 400-500 च पडतात, पण पीळ दांडगा. दुसरा गिअर बारीक भोकाला आणि पत्र्याला. आधी बारीक बिटानं वाट करायची, मग स्क्रू. चकामागच्या कड्यावरचे आकडे नातवाला शोभेचे वाटले होते. तो क्लच. लहान आकड्यावर ठेवला, की ठरलेल्या जोरानंतर मशीन कटकट करून सोडून देतं, स्क्रूचं डोकं झिजत नाही. आकडा कमी ठेवून चढवत न्यावा.

माझ्या उजव्या मनगटात अजून थंडीत कळ येते, ती पत्र्याच्या भोकाची. डाव्या हातानं पत्रा धरला, उजव्यानं मशीन. बिट पार होताना कड पकडली गेली आणि मशीननं माझं मनगटच पिळलं. पत्रा हाताला लागला नाही, हे नशीब. तेव्हापासून पत्रा शिकंज्यात किंवा लाकडावर आवळून धरतो, आणि शेवटच्या सुताला दाब काढून घेतो. हातमोजे घालत नाही, बिट त्यांना गुंडाळून बोट ओढून नेतं. उपरणं, मनगटाचा दोरा काढून ठेवायचा. चष्मा मात्र हवाच. बिट बदलताना आधी बॅटरी काढायची. हे शेवटचं मी स्वतः दहादा विसरलो आहे.

भूकंपानंतर बांधलेल्या घरांचं वेगळं. त्यांत खिडकी-दाराच्या वर सिमेंट-सळईचा पट्टा फिरवलेला असतो, घराला कंबरपट्ट्यासारखा आवळून धरणारा. लोक नेमकं तिथंच पडद्याच्या दांडीला भोक मागतात. बिट सळईला लागलं की आवाज किनरा होतो. तिथं थांबायचं, दोन बोटं सरकायचं. सळई कापून पुढं जाणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही.

नातू तोवर उन्हात उभ्या गाडीतून दुसरी बॅटरी घेऊन आला. तव्यासारखी तापलेली. लिथियमची बॅटरी उन्हात ठेवू नये आणि तापलेली लगेच चार्जरला लावू नये, असं सांगून ती उथळ्याच्या गार दगडावर ठेवायला लावली. एक स्क्रू राहिला होता आणि पहिली बॅटरी संपली. गावात वीजही नव्हती. मी पिशवीतून पेचकस काढला आणि पोराच्या हातात दिला. शेवटचे चार पीळ त्यानं घामाघूम होऊन दिले. मावशी म्हणाल्या, "आता चहा घ्या."