काटा बरोबर, पावती चुकीची

वजनकाटे जोडणे-दुरुस्त करणे हा माझा रोजगार. कापसाच्या हंगामात धुळे-जळगाव रस्त्यावरच्या एका जिनिंगमधून फोन आला, "नवा कॉम्प्युटर बसवला, वजन येत नाही."

काट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ केबलने कॉम्प्युटरला आकडे पाठवतो. एक तार सुटली होती, ती जोडली. कॉम पोर्टचा नंबर बदलला होता, तो निवडला. बॉड रेट दोन्हीकडे ९६००. जिनिंगचा रिकामा ट्रक चढवला. इंडिकेटरवर ५९६०, स्क्रीनवरही ५९६०. काम झालं म्हणून मी चहा घेतला.

मग कापसाचा ट्रॅक्टर आला. शेतकऱ्याने विचारलं, "भाऊ, काटा बराबर शे ना?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. इंडिकेटरवर ६१४० उमटले. स्क्रीनवर ६०!

मुनीम म्हणाले, "असू द्या, हाताने टाइप करतो." मागे रांग वाढत होती. शेतकरी काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी काटा थांबवायला लावला.

६१४० मधले १ आणि ४ गळाले होते. इंडिकेटर सात बिट आणि इव्हन पॅरिटीवर होता, नवा कॉम्प्युटर आठ बिट, पॅरिटी नाही, यावर. इव्हन पॅरिटीत एकांची संख्या सम करण्यासाठी आठवा बिट लागतो. ०, ३, ५, ६, ९ यांच्यात ती आधीच सम असते, म्हणून ते नीट पोचतात. १, २, ४, ७, ८ मात्र बिघडून येतात आणि सॉफ्टवेअर ते टाकून देतं. माझ्या चाचणीच्या ५९६० मध्ये नेमके सगळे चांगलेच आकडे होते.

सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागली. पुन्हा वजन केलं, ६१४०. मग सकाळपासूनच्या सगळ्या पावत्या तपासल्या.

माप मारणाऱ्यांवरून कुरआनातल्या एका सूरहचं नावच आहे, अल-मुतफ्फिफीन. लहानपणी अब्बांनी ती दुकानातल्या तागडीजवळ बसून समजावली होती. माझी नियत वाईट नव्हती, पण घाईत दिलेल्या त्या "हो"मुळे शेतकऱ्याचं नुकसान झालंच असतं. काटा खरा होता, पण त्याच्या हातात जाणार होती ती पावती.

आता मी एका वजनावर चाचणी संपवत नाही. दहाही आकडे स्क्रीनवर पाहिल्याशिवाय चहा घेत नाही. तुम्हीही काट्यावर गेलात, तर इंडिकेटर आणि पावती दोन्ही वाचा.