नागपाड्याची रिंग, भिवंडीचा प्रेक्षक

जुन्या बास्केटबॉलच्या गप्पा रंगल्या की एक गंमत हमखास घडते. ज्या बास्केटवर सामना जिंकला, ती दरवर्षी रिंगपासून थोडी लांब सरकते. पहिल्यांदा सांगताना ती फ्री थ्रोच्या रेषेजवळून टाकलेली असते, मुलाच्या लग्नाच्या मांडवात अर्ध्या मैदानावरून, आणि नातू ऐकायला बसला की तिचा थेट ‘थ्री पॉइंटर’ होतो. तोही 1972 सालचा! आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा आली 1984 साली. त्याआधी चेंडू कुठूनही टाका, गुण दोनच. पण आजोबांना हे सांगायला कोणी जाऊ नये.

भिवंडीत गर्दी खेचणारे खेळ वेगळे. आसपासच्या आगरी गावांत कबड्डी आणि टेनिस बॉलवरचं क्रिकेट. बास्केटबॉलचा चाहता इथे अल्पसंख्याकच. तरी मुंबईच्या मदनपुऱ्यात मामा-चुलते असलेल्या भिवंडीकराला तिथल्याच नागपाड्याच्या बास्केटबॉलची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. याचं कारण खेळात नाही, मागात आहे. 1857 नंतरच्या धामधुमीत उत्तर प्रदेशातली विणकर मोमीन कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. कोणी मालेगावला थांबलं, कोणी भिवंडीला, कोणी मुंबईत मदनपुऱ्याला. पुढे भिवंडीत हातमागांच्या जागी यंत्रमाग खडखडू लागले. मदनपुऱ्याशी सोयरीक मात्र राहिली. आणि मदनपुरा म्हणजे नागपाड्याचा सख्खा शेजार. मुंबई सेंट्रलला एसटीतून उतरलं की दोन्ही वस्त्या पायी गाठता येतात.

नागपाड्यात बास्केटबॉल आला तो मिशनऱ्यांबरोबर. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी इथे नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. दवाखाना, वाचनालय, व्याख्यानं, मुलांसाठी खेळ असा त्याचा पसारा. याच वास्तूत 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडलं. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. विद्यापीठांच्या इतिहासात या घटनेला दोन ओळी मिळतात. नागपाड्याच्या पोरांच्या लेखी त्याच अंगणातला बोर्ड आणि रिंग जास्त महत्त्वाची होती, आणि त्यांचं फारसं चुकलं असं म्हणवत नाही.

खेळाचं मूळही अशाच एका ख्रिस्ती संस्थेच्या, वायएमसीएच्या घरातलं. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही म्हणून कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. पहिल्या सामन्यात एकच बास्केट झाली. टोपलीला बूड असल्याने चेंडू वर चढून काढावा लागे. सज्जा दहा फुटांवर होता म्हणून रिंग आजही दहा फुटांवरच आहे. दाट वस्तीला हा खेळ मानवला यात नवल नाही. क्रिकेटला मैदान लागतं. याला दोन खांब, दोन रिंगा आणि फरशीचा एक तुकडा पुरतो. शिवाय चारी बाजूंच्या गॅलऱ्यांतून सामना फुकट दिसतो.

बच्चू खान हे नागपाड्याचे प्रशिक्षक. आज तिथलं महापालिकेचं मैदान त्यांच्या नावाने ओळखलं जातं. क्रिकेटवेड्या शहरात बास्केटबॉलच्या गुरूचं नाव मैदानाला मिळावं, ही सोपी गोष्ट नव्हे. याच गल्ल्यांतून गुलाम अब्बास मुंतसिर भारताच्या संघात गेले, कर्णधार झाले आणि 1970 सालचा अर्जुन पुरस्कार घेऊन आले. त्यांना ‘क्लाउन प्रिन्स’ म्हणत, कारण चेंडूशी चाललेली त्यांची मस्करी पाहायलाच लोक येत. नजर एकीकडे, पास दुसरीकडे. समोरचा गडी फसला की प्रेक्षक हसत, आणि पुष्कळदा फसलेला गडीही.

तो काळ भारतीय बास्केटबॉललाही बरा होता. 1975 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला. त्याहून वरचा क्रमांक पुरुष संघाला अजून मिळालेला नाही. 1980 साली मॉस्को ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार टाकला, त्यामुळे भारताला प्रवेश मिळाला. सगळे सामने हरून संघ परतला. ऑलिंपिकला पुरुष संघ गेला तो तेवढाच.

त्या काळचं वैभव म्हणजे तरी काय होतं? चषक, टाळ्या हे होतंच, पण खरं वैभव नोकरीचं. रेल्वे, बँका, कारखाने आपापले संघ बाळगत, आणि उंच, चपळ पोराला खेळाच्या जोरावर कायमची नोकरी लागे. चाळीतल्या आईला मुलाचा ले-अप कळत नसेल, पगार कळत होता. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईचं काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलं, शहर फुगलं, पण गिरण्यांबरोबर जी खेळाडूंना पोसणारी रीत होती, ती भिवंडीच्या छोट्या कारखान्यांत आली नाही. चार-सहा मागांचा मालक संघ कुठून पोसणार? दोष त्याचा नाही.

भिवंडीत उरले ते कॉलेजचे संघ, आणि त्यांचं दुखणं आणखी निराळं. तीन वर्षांत सगळा संघ पदवी घेऊन बाहेर पडतो. या वर्षी ज्या पाचजणांसाठी गळा फाडून ओरडलात, ते दोन वर्षांनी कोणी दुकानात, कोणी आखातात. कॉलेज तेच, जर्सी तीच, माणसं नवी. टिकतो तो फक्त प्रेक्षक: कँटीनवाला, ग्रंथालयातला शिपाई, जिमखान्याची किल्ली सांभाळणारा आणि फाटकाबाहेर चहा प्यायला येत राहिलेला माजी विद्यार्थी. लहान संघाचा इतिहास या मंडळींच्या तोंडी असतो. वर्तमानपत्रात निकाल आला तर एका ओळीत, तोही आडनाव चुकवून.

लिखित पुरावा एकाच ठिकाणी मिळण्याची आशा, ती म्हणजे कॉलेजचे वार्षिकांक. त्यांत जिमखान्याचा अहवाल असतो आणि मागे हात बांधून उभ्या असलेल्या संघाचा एक फोटो, मधोमध क्रीडाशिक्षक बसलेले. भिवंडी-निजामपूर नगरपालिकेचं नाव धारण करणाऱ्या बी. एन. एन. कॉलेजपासून शहरातल्या प्रत्येक महाविद्यालयापर्यंत असे जुने अंक कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर पडलेले असणार. फोटोखाली बहुतेकदा नावं नसतात, किंवा ‘डावीकडून’ म्हणून उलटी छापलेली असतात. ज्यांना ते चेहरे ओळखू येतात, ते आता सत्तरीकडे झुकले आहेत. तेव्हा भिवंडीकर वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत असा अंक हाती लागला तर रद्दीवाल्याला देण्याआधी घरातल्या आजोबांपुढे ठेवा, एकेक नाव विचारून पेन्सिलीने मागे लिहा, आणि त्याची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन द्या. बास्केट किती लांबून टाकली होती ते मात्र विचारू नका.