भंगारातून आभाळात

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घरोघरी एक वाद ठरलेला असतो. एकाला माळा रिकामा करायचा असतो, तर दुसऱ्याला त्यावरची एकही वस्तू टाकवत नाही. "मोडलंय ते," असे पहिला म्हणतो. "मोडलंय, मेलेलं नाही," असे दुसरा ठणकावतो. मी दुसऱ्या पक्षातला. आणि या पक्षाच्या बाजूने माझ्यापाशी जो दाखला आहे, तो पितळी स्टोव्हचा किंवा आजोबांच्या घड्याळाचा नव्हे. तो चार इंजिनांच्या आणि एकशे दहा फूट पंखांच्या बॉम्बफेकी विमानांचा आहे.

ही विमाने म्हणजे लिबरेटर. माझ्या लहानपणी, १९६० नंतरच्या त्या वर्षांत, ती पुण्याच्या लोहगाव तळावरून उडत. हवाई दलाचे सहा क्रमांकाचे स्क्वाड्रन त्यांतून समुद्रावर टेहळणी करी. माझे थोरले काका त्यांवर इंजिन फिटर होते, म्हणून आमच्या घरी त्या विमानांविषयी नातेवाइकांसारखे बोलणे चाले.

पण हे नातेवाईक आले होते भंगारातून. अमेरिकेत बांधलेली ही विमाने दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना उसनी मिळाली होती. १९४५ साली युद्ध संपले. उसनी वस्तू परत तरी करायची, नाहीतर मोडून तरी टाकायची. कानपूरच्या तळावर रांगेने उभी असलेली विमाने इंग्रजांनी मोडली. पत्रे फोडले, उपकरणे ठेचली, इंजिनांत वाळू ओतली, असे सांगतात. पुढे काश्मीरची लढाई पेटली. नव्या देशाच्या हवाई दलापाशी जड बॉम्बफेकी विमान एकही नव्हते. तेव्हा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगलोरला उभारलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याची माणसे कानपूरला गेली आणि त्या ढिगांतून धड काय उरले आहे ते पाहू लागली.

एकाचा पंख, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन असे जुळवून विमान एका उड्डाणापुरते उभे करायचे. मग कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी ते सुमारे दीड हजार किलोमीटर उडवत बंगलोरला नेत, आणि खरी दुरुस्ती तिथे होई. अशी चाळिसांवर विमाने त्यांनी नेली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी या विमानांवर पाच क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. आपल्या कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी त्याच कारखान्यात आखलेले एचटी-२ हे विमान १९५१ साली पहिल्यांदा आकाशात नेले तेही मुन्शींनीच.

काका म्हणत, "विमान एकदा दुरुस्त करून भागत नाही रे. रोज सकाळी नव्याने करावं लागतं." लिबरेटरच्या चार इंजिनांत मिळून ५६ सिलिंडर आणि ११२ स्पार्क प्लग. ही इंजिने गोल रचनेची. रात्रभर उभी राहिली की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठते. तसेच इंजिन चालू केले, तर आतला दांडा वाकतो. म्हणून आधी पंखे हातांनी फिरवून पाहायचे. एकदा पंखा फिरता फिरता काकांच्या हाताला किंचित अडला. वैमानिक तयार होते, अधिकारी घड्याळ पाहत होते. काका म्हणाले, "आज नाही." खालचे प्लग काढले, तेव्हा भांडेभर तेल निघाले.

चाचणीच्या उड्डाणाला काकांनाही बरोबर जावे लागे. त्या दिवशी काकू स्वयंपाकघरातून दहादा बाहेर येत. आवाजावरून त्यांना चारही इंजिने ओळखू येत. तो नीट ऐकू आला की त्या आत जाऊन भात टाकत.

१९६८ साली लिबरेटर निवृत्त झाली. जगात आज उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी बरीच भारतातून गेलेली आहेत. त्यांतले एक अमेरिकेतल्या एका संस्थेने काही वर्षे खपून दुरुस्त केले आणि १९८९ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उडाले. आपल्याकडेही २०१८ साली एक डाकोटा आले. ते आयर्लंडमध्ये भंगारात सापडले होते. राजीव चंद्रशेखर यांनी ते ब्रिटनमध्ये उडते करवून घेतले आणि हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक. युरोप, अरबस्तान असा प्रवास करीत ते २५ एप्रिलला जामनगरला उतरले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला पहिले सैनिक उतरवणाऱ्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याला दिला आणि नाव ठेवले 'परशुराम'.

काका तोवर गेले होते. मी उत्साहाने काकूंना बातमी वाचून दाखवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा देशाकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून मी दारात उभी राहिले. आता कुणाच्या हौसेपायी कुणाच्या बायकोनं उभं राहायचं?"

पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०१९ रोजी, अमेरिकेत कनेटिकट राज्यात एक बी-१७ विमान कोसळले आणि सात जण गेले. कानपूरचे ते लिबरेटर उडते करणारी संस्था हीच. हौसेने तिकीट काढून बसलेली माणसेही त्या विमानात होती. काकूंचा प्रश्न मला तेव्हा पुरता कळला.

तरीही मी दुसरा पक्ष सोडलेला नाही. संग्रहालयात उभे असलेले विमान पाहायला उत्तम, दिल्लीला पालममध्ये एक लिबरेटर आहे, मुलांना जरूर दाखवावे. पण उभ्या विमानाला कुणाच्या हाताची गरज उरत नाही. पंखा अडला तर काय समजायचे, रिव्हेटखाली पत्रा कुठे कुजतो, कोणती नळी बाहेरून चांगली दिसूनही आतून फुटते, हे पुस्तकातून कळत नाही. विमान उडते ठेवले तरच पंचविशीतल्या एखाद्या पोराला ते शिकावे लागते. मात्र त्यात बसावे ते धोका जाणणाऱ्यांनी. त्यावर जत्रा भरवू नये.

हे सारे मी काकूंना सांगितले. त्यांनी विचारले, "आणि 'आज नाही' म्हणायला कुणी आहे ना तिथं?"

"असेल, काकू."

"असेल नव्हे. तो माणूस आधी शोधा म्हणावं. विमान काय, भंगारातही मिळतं."