तुला काय कमी आहे?

आमच्या भागात बाप गेला की बहिणी भावाला हक्कसोडपत्र करून देतात. जबरदस्ती कुणी करत नाही, कारण तशी वेळच येत नाही. वर्षश्राद्धाच्या आत एक दिवस ठरतो, भाऊ गाडी पाठवतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो, अंगठे, सह्या होतात. येताना हॉटेलात जेवण, घरी आल्यावर साडी. माझ्या तिन्ही आत्यांनी असंच केलं. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. आपण माहेर राखलं, असंच त्यांना वाटत होतं आणि आजही वाटतं.

आमचं गाव पैठण तालुक्यात, बिडकीनजवळ. कापूस, तूर आणि विहिरीच्या पाण्यावरची थोडी मोसंबी. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी शेंद्रा आणि बिडकीन भागातली जमीन गेली, तसे उरलेल्या जमिनीचे भाव चढले. ज्या शिवाराकडे सोयरे ढुंकून पाहत नव्हते, तिथे शहरातल्या दलालांच्या गाड्या येऊ लागल्या. अशात बाबा गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि काकांनी ओसरीवर विषय काढला: पोरींच्या सह्या एकदा उरकून घ्या.

मी छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहते. मला नोकरी, नवऱ्याला नोकरी, घर स्वतःचं. त्यामुळे मी "नाही" म्हणाले तेव्हा ओसरीवरच्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडला: तुला काय कमी आहे? खरंच काही कमी नव्हतं. माझ्या नकाराचं कारणही तेच होतं.

माझी धाकटी बहीण नवऱ्याने टाकलेली आहे. मुलीला घेऊन पुंडलिकनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. तिला वाटा हवा होता, पण तोंडाने मागायची हिंमत नव्हती. मी सही केली असती तर पुढचं सगळं सोपं होतं. थोरली बघ, एवढी शिकलेली, तिनं हसत सोडलं, आणि तुला जमिनीचा मोह सुटेना? घरोघरी हेच होतं. ज्या बहिणीचं भागतं तिचं मोठं मन दाखवून, जिचं भागत नाही तिला लोभी ठरवतात. म्हणून मला वाटतं, वाट्याची गरज नसलेल्या बाईनेच तो आधी सोडू नये. तिच्या मागे उभं राहायला दुसरीला जागा मिळते.

दादा वाईट माणूस नाही. त्याचा मुद्दा एवढाच होता की आमच्या लग्नांत बाबांनी खर्च केला, हुंडा दिला, म्हणजे आमचा वाटा दिला गेला. हे मी पुष्कळ घरांत ऐकलं आहे आणि मला ते कधीच पटलेलं नाही. हुंडा सासरी गेला, आमच्या हातात त्यातला रुपया आला नाही. धाकटीच्या हुंड्यातून घेतलेली मोटारसायकल तिला टाकून देणारा माणूस वापरतो आहे. आणि दादाच्या शिक्षणाचा, लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कुणी वजा केला नाही. आईचं नाव तर कुणाच्या बोलण्यातच नव्हतं. खुरपणी, वेचणी, रात्रीची वीज आली की मोटार चालू करायला बॅटरी घेऊन विहिरीवर जाणं, यात तिची उभी हयात गेली. सातबाऱ्यावर ती कुठेच नव्हती.

मी बाबासाहेब आंबेडकरांच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. नागसेनवनातल्या त्या इमारतीची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. त्याच महिन्याच्या 27 तारखेला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल अडवलं गेलं हे होतं, आणि त्या बिलात मुलीला मुलाइतका वाटा होता. राजेंद्रप्रसादांचा त्या बिलाला विरोध होता, हेही जगजाहीर आहे. शिकताना या दोन तारखा मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. ओसरीवरून परतताना मात्र पैठण रस्ता संपेपर्यंत डोक्यात त्याच होत्या.

वारसनोंदीचा अर्ज मीच भरला: आई, दादा, आम्ही दोघी. "बहिणींची नावं कशाला लावता, उद्या कमी करायला पुन्हा खेटे घालाल," असं कार्यालयातल्या एकाने समजावलं. मी नावं लावायलाच सांगितलं. नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, फेरफार मंजूर झाला. दादाने हरकत घेतली नाही. बोलणं मात्र बंद केलं. त्या वर्षी राखी बांधून घेतली ती मान खाली घालून. ते दिवस मला जड गेले, कारण भाऊ मला हवा होता आणि आहे.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते पीककर्जामुळे. सगळ्या खातेदारांच्या सह्या लागत होत्या. मी गावी जाऊन सही केली आणि तेव्हाच स्पष्ट सांगितलं: कसणारा तू आहेस, मी जमीन विकायला काढणार नाही, पण धाकटीचा हिस्सा दर हंगामाला तिच्या खात्यात गेला पाहिजे. पुढे मोसंबीच्या बागेचा सौदा झाला तेव्हा तो गेला. भाचीच्या पॉलिटेक्निकची फी त्यातून भरली.

आणि एका दुपारी वहिनीने, जी वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, विचारलं, "ताई, माझं लग्न 1990 चं. मला मिळतं का काही?" तिचं माहेर गंगापूर तालुक्यात. समृद्धी महामार्गात गेलेल्या तुकड्याचा मोबदला भावांनी घेतला, उरलेली जमीन अजून वडिलांच्याच नावावर; वडील 2003 ला गेलेले. मी तिला सांगितलं: महाराष्ट्राने 1994 ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या वगळल्या. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने ती अट गेली. वडील तेव्हा हयात असायला हवेत का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला मिटवला: नसले तरी चालेल. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झालेली नसली, तर तुमचा हक्क आहे.

तिला माहेरी दादाच गाडीवर घेऊन गेला. बायकोच्या वाट्यासाठी उत्साह आणि बहिणीच्या वाट्याला अबोला, हे मी त्याला तोंडावर बोलून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं. मेहुण्यांच्या ओसरीवर बसून त्याला जे कळलं ते मी कितीही बोलले असते तरी समजलं नसतं, त्यामुळे त्याचं जाणं मला चांगलंच वाटलं.

वहिनीच्या भावांनी अजून होकार दिलेला नाही. हक्कसोडीचा कागद तयार करून ते दोनदा घरी येऊन गेले, पण तिने सही केली नाही. तिची थोरली बहीण विधवा आहे, आणि "मी दिली तर अक्काला कोण विचारतंय," असं ती त्यांना सांगते.