सुकतीला लाँच नाही

आमच्या उरणच्या घरात घड्याळापेक्षा पंचांगाला जास्त मान होता. बाबा मुंबईच्या गोदीत कामाला. उरणच्या मोरा बंदरातून लाँच धरायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि तिथून पायी अलेक्झांड्रा डॉक गाठायचा. पुढे त्याचं नाव इंदिरा गोदी झालं, पण बाबांच्या तोंडी शेवटपर्यंत अलेक्झांड्राच राहिली. लाँच मिळणार की नाही, हे तिथीवर ठरे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आम्हां भावंडांना शाळेतल्या पाढ्यांआधी पाठ झाला होता. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि पहाटेची लाँच नक्की. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पहाटे सव्वापाचच्या सुमारास पुरती सुकती, ओहोटी, आणि धक्क्याच्या पुढे नुसता चिखल, त्यात उड्या मारणाऱ्या निवट्या. असल्या दिवशी बाबा आदल्या रात्रीच्या भरतीवर निघत आणि पलीकडे कुणा नातेवाइकाच्या खोलीबाहेर पथारी टाकत.

सुट्टीत ते मला बरोबर नेत. लाँच सुटली की आजीने शिकवल्याप्रमाणे मी पाण्याला हात लावून कपाळाला लावी. उजव्या हाताला घारापुरीचा हिरवा डोंगर, मग बुचर बेट, आताचं जवाहर द्वीप, तिथे तेलाचे टँकर लागलेले. समोर दुरून क्रेनांची रांग आणि त्यामागे राजाबाई टॉवर दिसू लागे. डाव्या हाताला पाणी उघडं होत जाई. तिकडे बोट दाखवून बाबा म्हणत, "बघ, दर्या आत येतो तो फक्त त्या दाराने." बंदराचा भूगोल मला त्या वाक्यात कळला. मुंबई बेट पश्चिमेला आडवं पडलेलं, पूर्वेला आणि उत्तरेला आमचा कोकणचा किनारा, वर ठाण्याची खाडी, कुशीत पनवेलची आणि धरमतरची खाडी. मध्ये सुमारे ४०० चौरस किलोमीटर पाणी, आणि तोंड दक्षिणेला. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा उठतो तेव्हा सगळा मार शहर आपल्या पाठीवर घेतं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी जूनमध्ये बंद होतात, आमची मोऱ्याची लाँच मात्र भर आषाढातही चालते.

याच पाण्यासाठी इंग्रजांचा जीव मुंबईवर जडला. सुरतेला तापी गाळाने भरत चालली होती, मोठी जहाजं बाहेर सुवाळीला उभी करावी लागत. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने वर्षाला १० पौंडांच्या भाड्याने मुंबई कंपनीला दिली, आणि १६८७ मध्ये कंपनीने आपलं मुख्य ठाणं सुरतेहून इकडे हलवलं. सुरतेहूनच आलेल्या वाडियांनी इथे मलबारच्या सागाची जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षांत मुंबईच्या किती वास्तू पडल्या, आणि इथल्या सुतारांचं लाकूड अजून पाण्यावर आहे. ही गोष्ट मला प्रत्येक शाळेत सांगावीशी वाटते.

बाबा पूर्वेच्या किनाऱ्यावरची बंदरं एका दमात म्हणून दाखवत: पालवा बंदर, बोरी बंदर, मस्जिद बंदर, कर्नाक बंदर, मॅलेट बंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर, हाजी बंदर. लाकूड कुठे उतरे, कोळसा कुठे, मंगळुरी कौलं कुठे, हे नावातच लिहिलेलं. आमच्या बाजूने मचवे आणि पडाव निघत, त्यांत उरण-पेणचं मीठ, भात, पेंढा, विटा. नाखवा वाऱ्याचा अंदाज घेई, भरती-सुकतीच्या ओढीबरोबर जायचं-यायचं असा त्याचा साधा हिशेब. मोठ्या बोटी गोदीत आणि लहान बोटी बंदरात, पण पाणी एकच. शहराला लागणारी वस्तू डोळ्यांसमोर, माणसाच्या पाठीवरून उतरायची.

गोदीचा दरवाजा हे माझ्या लहानपणीचं सगळ्यांत मोठं नवल होतं. उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. सुकतीला जहाज चिखलात बसू नये म्हणून भरतीचं पाणी आत घेऊन दार लावायचं, बाहेर दर्या खाली गेला तरी आत बोटी तरंगत्या. अलेक्झांड्रा डॉकला जाताना तर आधी ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद अशा कोंडीत जहाज घेत आणि पाणी सारखं करून मग आत सोडत. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोप जवळ आलं. त्यानंतर १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया, आणि शेवटी १९१४ मध्ये अलेक्झांड्रा. माणसाने हाताने खणलेले हे तलाव. बाबा त्यांच्या काठावर आपल्या टोळीबरोबर उभे असत, हातात आकडा. गव्हाच्या गोण्या, ७२ च्या दुष्काळात लाल मिलोच्या गोण्या, खत, गंधक. गंधकाच्या दिवशी बाबा घरी आले की डोळे लाल आणि कपड्यांना तो वास. आई ते कपडे वेगळे धुवी. एक बोट रिकामी व्हायला आठवडा लागे, आणि तोवर दुसऱ्या बोटी बाहेर नांगरावर खोळंबून राहत. त्या कामाचं मी गुणगान करणार नाही. त्याने बाबांची कंबर गेली.

या पाण्याने घेतलंही खूप. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. आजोबा तेव्हा मोऱ्याच्या धक्क्यावर होते. पायांखालचे दगड हलले, असं ते सांगत. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आजी पाण्याला हात लावायला का लावायची, ते मला फार उशिरा कळलं.

मग पाण्याचा काठ बदलला. कंटेनर आला, आणि बाबांच्या टोळीने आठवडाभर करायचं काम क्रेन काही तासांत उरकू लागली. कंटेनरला खोल पाणी हवं, मागे मोकळी जमीन हवी. मुंबईच्या बाजूला दोन्ही उरलं नव्हतं. आमच्या बाजूला होतं. त्याच सुमारास नवी मुंबईसाठी आमच्या भागातली भातशेती आणि मिठागरं जात होती. जानेवारी १९८४ मध्ये जासईला जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यांच्या रक्तातून आली. २६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. जुन्या शेव्याचे कोळी तोपर्यंत दुसरीकडे बसवले गेले होते. त्यांना घरं मिळाली, पण दारातला दर्या मिळाला नाही. कोळ्याच्या बाबतीत हा पुनर्वसनाचा अपुरा हिशेब आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

आज त्या बंदरातून वीस फुटी पेटीच्या मापाने वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनर येतात-जातात. देशाच्या व्यापाराला याची गरज होती, आणि मला या बंदराचा अभिमानही आहे. माझा भाचा तिथे क्रेन चालवतो, वातानुकूलित खोलीत बसून. त्याची कंबर शाबूत राहील. पण पेटीत काय आहे हे त्याला माहीत नसतं. बाबांना गोणीच्या वासावरून माल कळायचा. पलीकडे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भराव टाकून बुजवल्या गेल्या. ज्या तलावांत सव्वाशे वर्षं जगातली जहाजं तरंगली, तिथे आता कोरडी जमीन आहे. कौला बंदर, लकडी बंदर ही नावं वस्त्यांना आणि रस्त्यांना उरली आहेत, कौलं आणि लाकूड नाही.

१२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. शिवडीहून आमच्या बाजूला येणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंत लोकल आली. लोकल आल्याच्या दिवशी मी डोळे पुसले. माझ्या आईला दवाखान्यात न्यायला एकदा आम्ही भरतीची वाट बघत धक्क्यावर चार तास बसलो होतो. असा दिवस आता कुणावर येऊ नये. सेतूवरून मी एकदा गेलो. वीसेक मिनिटांत सारं बंदर पायांखालून सरलं, आणि शिवडीच्या चिखलातले रोहित पक्षी बघायलाही गाडी थांबत नाही. त्या सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला परवानगी नाही, पायी चालणाऱ्यालाही नाही. गोदीत, मासळी बाजारात, मस्जिद बंदरच्या पेढ्यांवर कामाला जाणारा माझ्या गावचा माणूस अजूनही लाँचच धरतो.

म्हणून माझं मागणं लहान आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या जमिनीचे जे आराखडे होतील त्यांत पाण्याला हात लावता येईल असा धक्का ठेवा. मोऱ्याचा गाळ वेळेवर काढा. आणि वाचकांनो, मुंबईत राहून ज्यांनी शहर पाण्यावरून कधी पाहिलं नाही त्यांनी एकदा मुलांना घेऊन भाऊच्या धक्क्यावर या. मोऱ्याची लाँच अजून सुटते, पाऊण-एक तासात पोचवते. निघण्याआधी तेवढी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी आणि संध्याकाळी मोऱ्याला पाणी नसतं, आणि सुकतीला लाँच नाही.