सारखेपणाचा दगा

प्रयोगशाळेतील जुन्या उच्चदाब वीजपुरवठ्याच्या पाठीवरचा जोड आम्ही कित्येक वर्षे बीएनसीच समजत होतो. पाव फेरा देऊन बसवण्याची रीतही तीच. (मराठीच्या पेपरात समरूप शब्दांनी फार तर गुण जातात.) एकदा आतला पांढरा निरोधक किंचित पुढे आलेला दिसला आणि हात थबकला: हा एमएचव्ही. जोर केला तर तो बीएनसीतही शिरतो; शिवाय काढताना मधल्या पिनेआधी बाहेरचे अर्थिंग सुटू शकते, म्हणजे केबलचे धातूचे टोकच आपल्या बोटांत जिवंत. पुरवठा बंद केला, कपॅसिटर रोधातून रिकामे केले, मीटरवर शून्य पाहिले, मगच झाकण उघडले. जागी ५००० व्होल्टचा एसएचव्ही आला. त्यात अर्थिंग शेवटी सुटते. दोन्ही परस्परांत बसत नाहीत, म्हणून केबलची टोकेही बदलली. जुना जोड चिठ्ठी बांधून खणात ठेवला आहे.